मंगळवारची जिलबी

नमस्कार. मागे ऐकू येतंय ना? बापूसाहेब, तुमचं ते यंत्र कानात घाला, खिशात ठेवून ऐकू येत नाही.

महूहून पंडितजींचा मुलगा प्रमोद आलाय, सूनबाई आल्यात. ट्रस्टचे सचिव करमरकर साहेब आहेत. मॅनेजर सुनीताजी आहेत. आणि आपण सगळे आहोत, या वृद्धाश्रमात राहणारे. माझं नाव शालिनी दाते. मला दोन शब्द बोला म्हणून सांगितलंय. मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. पुढचं जे काही, ते मिळेल ते वाचून. पण वाचणं वेगळं आणि असं हातात माईक घेऊन उभं राहणं वेगळं. त्यातून ज्यांच्याबद्दल बोलायचं, ते समोर हार घालून फोटोत.

सुनीताजी मघाशी म्हणाल्या, "ताई, बैठकर बोला ना, कुर्सी लावते." नको. पंधरवडा झाला, मला बसवतच नाही. ताटावर बसते आणि उठते. पुस्तक उघडते, तेच पान पुन्हा पुन्हा वाचते. खिडकीशी जाते, परत येते. माझ्या खोलीतल्या लीलाताई म्हणाल्या, "शालू, तुझ्या फेऱ्या बघून मलाच दम लागतो." तर मी उभीच बोलते. मध्ये इकडेतिकडे फिरले तर सांभाळून घ्या.

सूनबाई नवीन आहेत, शिवाय शेजारच्या कॉलनीतलीही काही मंडळी आलीत, म्हणून सांगते. पंडितजी, म्हणजे रघुनाथराव निफाडकर, फौजेत धर्मगुरू होते. फौजेत असा एक माणूस असतो. बंदूक न चालवता पलटणीबरोबर राहायचं, जवानांची पूजाअर्चा बघायची, दुखलं-खुपलं ऐकायचं, आणि कुणी गेलं की त्याला नीट निरोप द्यायचा. रिटायर झाल्यावर ते महूला राहिले आणि इथे यायला लागले. रोज महूहून इंदूरची बस, भंवरकुआं चौकात उतरायचं, तिथून रिक्षा. नाश्ता संपता संपता फाटकात हजर. आपण त्यांच्या पोह्यांची प्लेट झाकून ठेवायचो.

इथे त्यांचं काम काय होतं? पूजा सांगायचे? कधीकधी. भजन म्हणायचे? म्हणायचे, आणि आपण देवाची क्षमा मागायचो. हसा, हसा. प्रमोद, तूही हस. तुझ्या वडिलांना सूर नव्हता, हे त्यांनाच आधी माहीत होतं. "ताई, फौज में आवाज चलती है, सूर नहीं," म्हणायचे.

त्यांच्याजवळ एक घडीचं स्टूल होतं. हे बघा, इथे ठेवलंय. बुटकं. खाटेपाशी स्टूल उघडायचे आणि असे बसायचे की त्यांचं डोकं आपल्या उशीहून खाली. अंथरुणावर पडलेल्या माणसाला सगळं जग वरून बघतं. डॉक्टर वरून, नर्स वरून, मुलगा आला तर तोही वरून. हे एकटेच खालून बघायचे. आणि विचारायचे, "बोला, आज देवाचं बोलायचं की जेवणाचं?" दहातले नऊ जण जेवणाचं बोलायचे. मग हे उठून स्वयंपाकघरात जायचे आणि डाळीतल्या मिठावरून भांडायचे.

मला पहिल्यांदा भेटले तेव्हा म्हणाले, "माताजी, प्रणाम." मी म्हटलं, "माताजी कुणाला म्हणता? तुमच्याहून लहान आहे मी." म्हणाले, "माफी. मग काय म्हणू?" म्हटलं, "ताई म्हणा. आणि आधीच सांगते, मला देवाचं बोलायचं नाही. जेवणाचंही नाही." म्हणाले, "कशाचं बोलायचंय?" मी म्हटलं, "कशाचंच नाही." तर ते बसले. काही न बोलता बसले. नंतर उठले आणि म्हणाले, "छान गप्पा झाल्या, ताई."

मला देवाचं का बोलायचं नव्हतं, ते सांगायला हवं. त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

आम्ही दोघं इथे जोडीने आलो. आमचे हे मिलमध्ये क्लार्क होते, मिल बंद झाल्यावर एका दुकानात हिशेब लिहायचे. मूलबाळ नाही. इथे आलो आणि वर्षाच्या आत हे गेले, पहाटे, झोपेतच. त्यानंतर नाश्त्याची घंटा झाली. सगळे जेवणघरात गेले. जेवणघराचं दार बंद झालं. आणि माझ्या माणसाला मागच्या गेटने नेलं.

मागचं गेट तुम्ही पाहिलंय. स्वयंपाकघराच्या मागे, सिलिंडर ठेवतात तिथे. खरकट्याच्या बादल्या असतात. गेट अरुंद आहे, स्ट्रेचर सरळ निघत नाही. तिरपं करावं लागतं. आमचे हे आयुष्यभर ताठ चालले. मी मागून चालत होते. आतून मला वाट्या-चमच्यांचे आवाज येत होते. ज्यांच्याबरोबर हे रोज संध्याकाळी पत्ते खेळायचे, ती सगळी माणसं भिंतीच्या पलीकडे खात बसली होती, आणि कोण गेलं ते कुणालाच माहीत नव्हतं.

कुणाचं वाईट चिंतून केलं नव्हतं हे. कळू नये, घाबरू नयेत, म्हणूनच. आणि सगळे जेवणघरात रमावेत, लवकर बाहेर पडू नयेत, म्हणून कुणी गेलं की त्या दिवशी पोह्यांबरोबर गरमागरम जिलबी मागवायचे. इंदूरच्या माणसाला जिलबी दिली की तो जागचा हलत नाही, हा हिशेब. मी स्मशानातून परत आले तेव्हा माझ्या टेबलावर एक वाटी झाकून ठेवली होती. माझ्या वाटणीची जिलबी. कुणीतरी मायेनेच ठेवली होती. मी ती वाटी अजून विसरत नाही.

तर हे असं चालू होतं. रविवारी नेहमीची जिलबी असायची, ती म्हणजे नुसती जिलबी. आणि मधल्या वारी जिलबी आली की आपल्याला कळायचं. कुणी बोलायचं नाही. वाटी समोर आली की आपण वाटीकडे बघायचो नाही, आजूबाजूला बघायचो. कोण नाही? कुणाची खुर्ची रिकामी आहे? शेजारी हात लावून बघायचे एकमेकांना. आठवतंय ना? बापूसाहेब, मान हलवू नका नुसती, तुम्हीच तर सांगितलंत पंडितजींना.

पंडितजी नवे होते. असाच कुठलातरी मधला वार. आले, बघतात तर सगळ्यांच्या वाट्या भरलेल्या आणि कुणी हात लावत नाही. म्हणाले, "क्या बात है भिया, इंदूरमें जलेबी उरतेय? सगळ्यांना शुगर झाली काय एकदम?" तेव्हा बापूसाहेब म्हणाले, "पंडितजी, आज कोण गेलं ते आधी सांगा. मग खातो."

पंडितजींचा चेहरा मला आठवतो. त्यांनी हातातली वाटी खाली ठेवली. सरळ मागे गेले. तिथे मनोरमाताई होत्या, पांढऱ्या चादरीखाली. स्ट्रेचर तिरपं करत होते.

पंडितजी गेटमध्ये उभे राहिले. करमरकर साहेब, तुम्हाला फोन झाला, तुम्ही आलात. मी स्वयंपाकघरात ओट्यापाशी होते, मी सगळं ऐकलं. तुम्ही म्हणालात, "पंडितजी, समजून घ्या. ही म्हातारी माणसं आहेत. घाबरतील." आणि पंडितजी म्हणाले, "साहेब, घाबरलेले तर आहेतच. आता एकेकटे घाबरतात, इतकंच." तुम्ही म्हणालात, "समोरून कसं नेणार? लोक बघतात." ते म्हणाले, "ह्या आल्या तेव्हा कुठून आल्या होत्या? समोरून ना? सामान घेऊन, हात जोडून, समोरून. मग जातील पण समोरून. फौजेत आम्ही कुणाला मागच्या दाराने नेलं नाही, साहेब. इथे नेऊ देणार नाही."

साहेब, तुम्ही ऐकलंत. हे मी आज सगळ्यांसमोर सांगते, कारण ते खरं आहे. तुम्ही त्या दिवशी ऐकलंत.

जेवणघराचं दार उघडलं. आम्ही सगळे पुढच्या व्हरांड्यात आलो. काठीवाले, वॉकरवाले, खुर्चीवाले. रांग कसली, गर्दीच ती. काय करायचं कुणालाच ठाऊक नाही. नमस्कार करायचा, रडायचं, गप्प राहायचं? मनोरमाताईंना आमच्यामधून हळूहळू नेलं. लीलाताईंनी त्यांच्या चादरीची घडी सारखी केली. पंडितजींनी मोठ्याने त्यांचं नाव घेतलं, पूर्ण नाव, नवऱ्याच्या नावासकट, गावासकट. आणि गाडीचं दार लागलं, गाडी हलली, तेव्हा बापूसाहेब सवयीने, पाहुण्यांना म्हणतो तसं, एकदम म्हणाले, "बरं, या हं."

बापूसाहेबांनी जीभ चावली. मेलेल्या माणसाला कुणी "या" म्हणतं का? आपण मराठी माणसं कुणाला "जा" म्हणत नाही, ते ठीक, पण इथेसुद्धा? लीलाताईंना हसू फुटलं. मग मला. तोंडावर पदर धरला तरी थांबेना. हसता हसता रडू आलं, आणि मग सगळी रांग रडली. नवरा गेल्यावर मी त्या दिवशी पहिल्यांदा रडले. मनोरमाताईंसाठी की आमच्या ह्यांच्यासाठी, ते मला आजही सांगता येणार नाही.

बापूसाहेब म्हणाले, "पंडितजी, चुकलं हो माझं." आणि पंडितजी म्हणाले, "चुकलं नाही, दादा. आजपासून हेच."

तेव्हापासून हेच होतं. पंडितजी होते तोवर कुणी मागून गेलं नाही. सगळे पुढच्या फाटकाने, उजेडात, नाव घेऊन. आणि आपण म्हणायचो, या. मिस पिंटो गेल्या तेव्हा चर्चचे फादर यायला वेळ लागला, तर तोवर पंडितजींनी त्यांची प्रार्थना त्यांच्या फौजी इंग्रजीत म्हटली. फादर येऊन मागे उभे राहिले आणि मध्ये बोलले नाहीत. पिंटोबाईंनाही आपण "या" म्हटलं. आणि मधल्या वारी जिलबी बंद झाली. गंमत बघा, मग रविवारची जिलबी लोक पुन्हा खायला लागले. मीसुद्धा.

मी पंडितजींना एकदा म्हटलं, "तुम्ही मला देवाचं काही सांगितलंच नाहीत इतक्या वर्षांत." म्हणाले, "तुम्ही कुठे विचारलंत? तुम्ही विचाराल तेव्हा मला येत नसेल, हीच भीती." मी म्हटलं, "पंडित आहात की हवालदार?" म्हणाले, "सकाळी पंडित, दुपारी हवालदार. संध्याकाळी बस मिळाली नाही तर भिकारी." असं बोलायचे. तंबाखू खायचे, मी रागवायचे. मी वाचलेलं त्यांना सांगायचे, तर मध्येच डुलकी घ्यायचे. संत नव्हते ते. कुणी भाषणात संत म्हणालं तर मला राग येतो. संताला गेटमध्ये आडवं उभं राहावं लागत नाही.

आता मला पुढचं सांगायचंय, आणि तेच कठीण आहे.

मंगळवार होता. आम्ही नाश्त्याला बसलो. पोहे आले. आणि मागून वाट्या आल्या. जिलबी.

सुनीताजी, डोळे पुसा, तुमच्यावर राग नाही. तुम्ही नवीन आहात. तुम्हाला आधीचं काहीच माहीत नव्हतं. महूहून पहाटे फोन आला, तुम्हाला सुचेना कसं सांगावं. तुम्ही विचार केलात, आधी यांच्या पोटात काही गोड जाऊ दे, मग सांगते. कुणीही आईच्या जातीची बाई हेच करेल. पण तुम्हाला दिसलं ना, काय झालं ते? सगळ्या जेवणघराचा आवाज बंद झाला.

आम्ही एकमेकांकडे बघायला लागलो. कोण नाही? लीलाताई होत्या. बापूसाहेब होते. वरच्या मजल्यावरची माणसं होती. जी खाटेवरून उठत नाहीत, त्यांना कुणीतरी डोकावून बघून आलं. सगळे होते. एकसुद्धा खुर्ची रिकामी नव्हती. मला आठवतं, क्षणभर बरं वाटलं मला. म्हटलं, चुकून आली असेल जिलबी. कुणाच्या नातवाचा वाढदिवस असेल.

मग बापूसाहेबांनी त्या झाकलेल्या प्लेटकडे बघितलं. पंडितजींच्या पोह्यांची प्लेट. नाश्ता संपत आला होता, आणि फाटक वाजलं नव्हतं.

सुनीताजींना सांगवेना, त्या म्हणाल्या, "पंडितजी छुट्टीपर आहेत." आम्ही हो म्हटलं. त्यांनाही वाटलं आम्हाला पटलं, आणि आम्हीही तसंच दाखवलं. शुक्रवारी आम्हाला नीट सांगण्यात आलं. तोवर महूला सगळं होऊन गेलं होतं.

प्रमोद, बेटा, तू घरचं बघत होतास, तुला कोण काय म्हणणार? पण ज्या माणसाने आमच्या प्रत्येकाला समोरून नेलं, त्याला आम्ही "या" म्हणू शकलो नाही. मी बसू शकत नाही ती त्यामुळे. कुठेतरी जायचं राहून गेलंय असं वाटतं. चपला घालते, काढते.

आणि एवढ्यावर थांबलं असतं तरी मी गप्प राहिले असते. गेल्या आठवड्यात सुशीलाताई गेल्या. जिन्याशेजारच्या. त्या दिवशी जिलबी नव्हती. त्या दिवशी जेवणघरातला टीव्ही मोठा लावला होता. मी पाणी प्यायला म्हणून उठले आणि खिडकीतून बघितलं. मागचं गेट. स्ट्रेचर तिरपं.

करमरकर साहेब, मी तुमच्या ऑफिसात आले होते. तुम्ही मला चहा दिलात, ऐकून घेतलंत. तुम्ही म्हणालात, "ताई, समोर एक फॅमिली बसली होती, वडिलांसाठी खोली बघायला आलेली. बरं दिसलं नसतं." मी म्हटलं, साहेब, त्यांच्या वडिलांनाही कळू द्या ना, की इथून कसं पाठवतात. मी त्यांची मुलगी असते तर असंच घर शोधलं असतं. तुम्ही म्हणालात, "हा विषय मीटिंगमध्ये ठेवू."

साहेब, ठेवा. पण माझं वय बघा. मीटिंगपर्यंत मी असेन का? मी कुठून जाणार आहे, एवढंच मला विचारायचंय. मला मरणाची भीती नाही हो, रोज बघते. मला त्या सिलिंडरची भीती वाटते. तिरपं व्हायची वाटते. मी जाताना लीलाताई टीव्हीसमोर बसलेल्या असतील आणि त्यांना कुणी सांगणार नाही, याची वाटते. पंडितजी होते तोवर ही भीती मला नव्हती. त्यांनी देव दिला नाही मला, त्यांनी हे फाटक दिलं. ते गेले म्हणून फाटक बंद होणार असेल, तर मग हा हार, हा फोटो, ही भाषणं, हे कशासाठी? तुम्हीच सांगा.

संपवते.

काल प्रमोदने मला फोन केला. वडिलांचं स्टूल, शाल, चष्म्याचं घर, थोडं सामान इथे होतं, ते न्यायचंय. आज आल्यावर त्याला वॉचमन भेरूलालने सांगितलं, सामान न्यायचं तर गाडी मागच्या गेटला लावा. त्याची गाडी आत्ता मागे उभी आहे. स्वयंपाकघरापाशी. हो ना रे?

बेटा, गाडी समोर आण.

आता सूत्रसंचालक दोन मिनिटं उभं राहून मौन पाळायला सांगतील. माझी विनंती आहे, ते मौन इथे नको. बाहेर पाळू, फाटकापाशी. ज्यांना उभं राहता येतं ते उभे, खुर्चीवाले खुर्चीत. ज्यांना खाटेवरून उठवत नाही, त्यांच्या खिडक्या उघडा. टीव्ही बंद करा. लीलाताई, तुम्ही शाल घ्या. बापूसाहेब, चष्म्याचं घर तुमच्या मांडीवर. स्टूल मी घेते. जड नाही. माणूस पंधरवड्यापूर्वीच गेला, हे मला समजतं. पण तो या घरातून अजून गेलेला नाही. त्याचं नाव मी घेईन, पूर्ण, गावासकट, त्यांनी आमची घेतली तसं.

साहेब, फाटकाचे दोन्ही पल्ले उघडायला सांगा. किल्ली तुमच्याकडे असते. आजच्यापुरतं म्हणत नाही मी, हे तुम्हाला कळतंय.

मी निघाले. उत्तर मिळेपर्यंत थांबायला हवं, पण माझ्याने थांबवत नाही. चला, सावकाश या, घाई नाही, पायरीवर सांभाळा.

पंडितजी, या.